भात घरात आलं की ख्रिस्ती लोक कबरींकडे का वळतात?

दिवाळी आटोपली, खळ्यावरची झोडणी उरकली, कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील वाळायला लागले की वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या चर्चच्या आवारांत एक निराळीच लगबग सुरू होते. चार महिन्यांच्या पावसाने दफनभूमीत कमरेएवढं गवत माजलेलं असतं. ते कापायचं, चिऱ्याच्या भिंतीवरचं वाळलेलं शेवाळ खरवडायचं, क्रुसांना चुना नाहीतर ऑइलपेंट लावायचा. मग २ नोव्हेंबरला संध्याकाळी प्रत्येक कबरीवर झेंडूची फुलं आणि मेणबत्त्या. रस्त्याने जाणारा शेजारी दुचाकी थांबवून विचारतो, "काय हो, हा तुमचा पितृपक्ष का?"

प्रश्न रास्त आहे. घाईत असलो की आम्ही "हो, तसंच काहीसं" म्हणून मोकळे होतो. खरं उत्तर जरा लांब आहे, कारण ख्रिस्ती माणसाचा नोव्हेंबर नुसता मृतांचा नसतो. त्याच्या अलीकडे नव्या भाताचे आभार असतात, मध्यावर गेलेल्यांची आठवण असते आणि महिना सरता सरता शांतीचं मागणं असतं. बाहेरून बघणाऱ्याला हे तीन वेगवेगळे कार्यक्रम वाटतात. दर रविवारी चर्चला जाणाऱ्या पुष्कळांनाही तसंच वाटतं. माझं म्हणणं असं की ही तिन्ही एकाच रात्रीच्या एका जेवणातून आलेली आहेत. ते जेवण कळलं की कबरीवरची मेणबत्तीही कळते.

तारखा कुठून आल्या

१ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण, २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांचा दिवस. पहिल्यात चर्चने जाहीर केलेले संत आले आणि ज्यांची नावं कोणालाच ठाऊक नाहीत असेही आले. दुसरा दिवस बाकीच्या सगळ्यांचा, म्हणजे तुमच्याआमच्या आजी-आजोबांचा. संत म्हटलं की युरोपातली दाढीवाली चित्रं डोळ्यांसमोर येतात, पण भारतात जन्मलेले पहिले संत आपल्या वसईचे, गोन्सालो गार्सिया. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकीला त्यांना इतरांबरोबर क्रुसावर ठार मारलं आणि १८६२ साली त्यांना संतपद मिळालं.

तारखांचा इतिहास थोडक्यात सांगतो. रोममध्ये पँथिऑन नावाचं सर्व देवांचं जुनं मंदिर होतं. इ.स. ६०९ च्या सुमारास पोप चौथे बोनिफेस यांनी ते मरियामाता आणि सर्व हुतात्म्यांच्या नावे चर्च केलं. तो दिवस १३ मेचा. आठव्या-नवव्या शतकांत हा सण १ नोव्हेंबरला सरकला आणि पश्चिम युरोपात रुळला. २ नोव्हेंबर त्यानंतरचा. फ्रान्समधल्या क्लूनी मठाचे प्रमुख ओडिलो यांनी इ.स. ९९८ च्या आसपास आपल्या हाताखालच्या मठांना नेम घालून दिला, की संतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या मृत श्रद्धावंतांसाठी प्रार्थना करायची. मठांतून तो गावोगाव गेला.

म्हणजे या तारखा युरोपातल्या हवेत रुजलेल्या. तिकडे नोव्हेंबरात झाडं बोडकी होतात, दुपार सरते न सरते तोच अंधारून येतं. त्यामुळे तिकडच्या प्रवचनांत पानगळीचे दाखले ओघानेच येतात. तीच प्रवचनं आपल्याकडे उचलून वाचली जातात तेव्हा मला दरवर्षी हसू येतं. कोकणात नोव्हेंबरात कुठलं पान गळतंय? पळस-पांगारे बोडके होतात ते थंडी सरता सरता. नोव्हेंबरात इथे जमिनीत ओल असते, पहाटे दंव पडतं, कापलेल्या भाताच्या जागी वाल टाकलेले असतात आणि कणगी भरलेली असते. युरोपात मृतांची आठवण सुकण्याच्या सोबतीने येते, आपल्याकडे ती भरल्या घरात येते. यात चर्चची काही योजना नाही, ही करणी पावसाची. पण बायबल उघडून पाहिलं तर कोकणातली ही जोडी मूळ गोष्टीच्या अधिक जवळची आहे असं दिसतं.

टोपली घेऊन आलेला शेतकरी

नव्या भाताचे आभार मानणं ही काही ख्रिस्ती लोकांची मिरासदारी नाही. कोकणात आश्विन पौर्णिमेला नवान्न होतं, दाराला नवं बांधतात. वसई-मुंबईकडच्या, ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या मूळच्या स्थानिक ख्रिस्ती समाजात हाच भाव आगेऱ्यात दिसतो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात, मग मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना. जिथे शेत म्हणून आता काही उरलं नाही, जिथे बांधांच्या जागी इमारतींचे गाळे उभे राहिले, तिथेही कुठूनतरी लोंब्या मिळवून आगेरा होतो. काही जण याला देखावा म्हणतात. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण बायबलच्या जुन्या करारातल्या एका विधीत आहे.

अनुवाद नावाच्या पुस्तकाचा २६ वा अध्याय. शेतकऱ्याने जमिनीचं पहिलं पीक टोपलीत घालून देवाच्या ठिकाणी न्यायचं. याजक ती टोपली घेऊन वेदीसमोर ठेवतो. आता शेतकऱ्याने बोलायचं. आपल्याला वाटेल, तो म्हणेल "देवा, यंदा पीक बरं आलं, तुझे आभार." तसं तो म्हणत नाही. तो गोष्ट सांगायला लागतो: माझा मूळ पुरुष भटकणारा अरामी होता. थोडी माणसं घेऊन तो मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये गेला. तिथे आमचा वंश वाढला. मिसरी लोकांनी आम्हाला छळलं, आमच्यावर कष्ट लादले. आम्ही देवाचा धावा केला, त्याने ऐकलं आणि आम्हाला बाहेर काढून या भूमीत आणलं. आणि अगदी शेवटी एक वाक्य: म्हणून हे पहिलं पीक मी आणलं आहे.

हा शेतकरी मिसरात कधी गेलेलासुद्धा नाही. त्याच्या आधी कित्येक पिढ्या होऊन गेल्या. तरी तो "त्यांना छळलं" म्हणत नाही, "आम्हाला छळलं" म्हणतो. आभार मानण्याची ही रीत नीट पाहिली पाहिजे. टोपलीतल्या धान्याबद्दल तो जवळजवळ काहीच बोलत नाही. तो पूर्वजांबद्दल बोलतो. बेघर माणसाचा वंशज आज स्वतःच्या जमिनीचं पीक घेऊन उभा आहे, एवढं सांगितलं की आभार त्यातच आले. विधीचा शेवट जेवणाने होतो, आणि त्या जेवणात ज्याच्या वाट्याला जमीन आलेली नाही तो लेवी आणि गावात राहणारा उपरा या दोघांना बसवायचं असं स्पष्ट सांगितलेलं आहे. पूर्वज उपरे होते हे आठवणाऱ्याला दारातला उपरा हाकलता येत नाही.

इमारतींच्या गावातला आगेरा मला याच रीतीतला वाटतो. पोरं बँकेत नाहीतर बीपीओत कामाला आहेत, त्यांनी लावणी केलेली नाही. पण आजोबांनी गुडघाभर चिखलात उभं राहून लावलेल्या भातावर आपण मोठे झालो, हे वर्षातून एकदा लोंबी हातात धरून म्हणायचं, यात खोटं काय? खोटं तेव्हा होईल जेव्हा बाहेरून आलेल्या मजुराला त्या दिवशीच्या पंगतीत जागा नसेल.

आता आडवा प्रश्न. पीक बुडालं तर? परतीचा पाऊस कापलेल्या भातावर कोसळला, शेतात पाणी साचलं, लोंब्यांना कोंब फुटले, तर कसले आभार? येशूच्या सुरुवातीच्या प्रचारकांपैकी एक, संत पौल, याचं एक वाक्य इथे हमखास पुढे केलं जातं, की सर्व परिस्थितीत आभार माना. तो सर्व परिस्थितीत म्हणतो. सर्व गोष्टींबद्दल आभार माना असं त्या ठिकाणी तो म्हणत नाही. कोंब फुटलेल्या भातासाठी कोणी देवाचे आभार मानावेत ही अपेक्षा नाही. बायबलातल्या १५० स्तोत्रांपैकी पुष्कळशी तर सरळ तक्रारीची आहेत: देवा, किती काळ? तू कुठे आहेस? ज्याची होडी वादळात गेली आणि मुलगा परतला नाही, त्या बापाला "देवाची योजना असते, आभार माना" असं ऐकवणारे उपदेशक मला अजिबात सहन होत नाहीत. आभार हे दुःखावरचं पांघरूण नाही. ते दुःखाच्या शेजारी बसू शकतात का, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर ख्रिस्ती माणसाला त्या जेवणात मिळतं.

त्या रात्रीचं जेवण

येशू पकडला गेला त्या रात्री तो शिष्यांबरोबर जेवायला बसला होता. दिवस वल्हांडण सणाचे होते. वल्हांडण हा यहुदी लोकांचा मिसरातून सुटल्याचा सण, म्हणजे टोपलीवाल्या शेतकऱ्याची तीच गोष्ट, इथे ताटावर मांडलेली. आपला घात होणार आहे हे येशूला ठाऊक होतं, घात करणारा त्याच पंगतीत होता. अशा वेळी त्याने भाकर घेतली, देवाचे आभार मानले, ती मोडली आणि म्हणाला: हे माझं शरीर आहे, माझ्या आठवणीसाठी हे करा. पौलाने करिंथच्या लोकांना लिहिलेल्या पत्रात आणि लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, हे सांगितलेलं आहे. योहानाच्या शुभवर्तमानात त्याच रात्रीचं लांबलचक बोलणं आहे, त्यात तो म्हणतो: मी तुम्हाला शांती देऊन ठेवतो, जग देतं तशी नव्हे, माझी शांती.

आभार, आठवण, शांती. तिन्ही एका रात्रीत, आणि तीही सगळं बरं चाललेलं असताना नव्हे. दुसऱ्या दिवशी तो क्रुसावर मेला.

कॅथलिक लोकांची मिस्सा आणि प्रॉटेस्टंट लोकांचा प्रभुभोजनाचा विधी, दोन्ही त्या जेवणावरून आलेले. मिस्सेचा क्रम पाहा. मध्यभागाची सुरुवात होते फादरांच्या हाकेने, की आपण परमेश्वराचे आभार मानू या, आणि लोक उत्तर देतात की ते योग्यच आहे. मग भाकर आणि द्राक्षरसावर येशूचे शब्द उच्चारले जातात. त्यानंतर मृतांची आठवण येते. जी प्रार्थना रोमच्या चर्चमध्ये सर्वांत जुन्या काळापासून चालत आली, तिच्यात मृतांबद्दल म्हटलंय की ते शांतीच्या झोपेत आहेत. मग "हे आमच्या स्वर्गातील बापा" ही प्रार्थना आणि लगेच एकमेकांना शांती देणं. मगच ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ती भाकर ग्रहण करणं. आभारांपासून शांतीपर्यंतचा जो रस्ता रविवारी अर्ध्या तासात कापला जातो, तोच आगेऱ्यापासून आगमनकाळापर्यंत, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ लागेपर्यंत, दोन महिने पसरलेला आहे असं मी मानतो. असं चर्चच्या कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, ही माझी मांडणी आहे, पण एकदा हे दिसलं की न दिसल्यासारखं करता येत नाही.

इथे आठवण म्हणजे जुना फोटो काढून बघणं नव्हे, हे वल्हांडणावरून कळतं. यहुदी परंपरेत त्या रात्री प्रत्येक पिढीने आपणच मिसरातून बाहेर पडलो असं समजायचं असतं. आठवायचं ते हळहळण्यासाठी नाही, त्या घटनेत आपणही सामील आहोत हे मान्य करण्यासाठी. म्हणून ख्रिस्ती माणूस मिस्सेत मृतांची नावं घेतो तेव्हा तो त्यांना भूतकाळातून उकरून काढत नसतो. त्याच पंगतीत ते पलीकडच्या बाजूला बसलेत अशी त्याची श्रद्धा असते.

मग पितृपक्षाशी काय फरक?

साम्य पुष्कळ आहे आणि ते नाकारण्यात काही शहाणपणा नाही. वर्षातले ठरलेले दिवस, घरातल्या सगळ्यांनी जमणं, गेलेल्याच्या आवडीचं रांधणं, नावं घेणं. फरक असा की श्राद्धात पितरांना अन्न-पाणी पोचवण्याचा भाव असतो. ख्रिस्ती श्रद्धेत मृतांना काही पोचवायचं नसतं, त्यांच्या रागाची धास्तीही नसते. बोलणं होतं ते देवाशी, त्यांच्याबद्दल.

काय बोलायचं, यावर मात्र ख्रिस्ती लोकांतच दोन मतं आहेत. कॅथलिक चर्च शिकवतं की देवाशी जोडलेला पण पुरता शुद्ध न झालेला माणूस मेल्यावर शुद्धीस्थानात, म्हणजे शुद्ध होण्याच्या अवस्थेत असतो आणि आपल्या प्रार्थनेची त्याला मदत होते. आधार म्हणून मक्काबी नावाच्या दोन ग्रंथांपैकी दुसऱ्यातला प्रसंग दाखवतात. यहूदा मक्काबीने लढाईत पडलेल्या आपल्या सैनिकांसाठी वर्गणी जमवून यरुशलेमला अर्पण पाठवलं होतं. प्रॉटेस्टंट लोक तो ग्रंथ बायबलात धरत नाहीत. त्यांचं म्हणणं, मेलेला माणूस देवाच्या हाती आहे, त्याच्यासाठी आपण काही मागायचं उरलेलं नाही, त्याच्या आयुष्याबद्दल आभार मानावेत.

गंमत म्हणजे हे भांडणही याच दिवसांत पेटलं. मार्टिन लुथरने जर्मनीत विटेनबर्गला आपले ९५ मुद्दे पुढे केले ते ३१ ऑक्टोबर १५१७ ला, सर्व संतांच्या सणाच्या आदल्या दिवशी. पैसे भरून मृतांची सुटका विकत घेता येते असं सांगत फिरणाऱ्यांवर त्याचा राग होता, आणि तो राग रास्तच होता. आज प्रार्थनेचा असा बाजार कॅथलिक चर्चलाही मान्य नाही.

कोकणात दोन्ही धारा आहेत. वसई, मुंबई आणि सिंधुदुर्गाकडचे बहुतेक ख्रिस्ती कॅथलिक. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी बाणकोट-हर्णै भागात आले, पुढे अमेरिकन मिशनने रत्नागिरी-वेंगुर्ल्यात काम केलं, त्यातून प्रॉटेस्टंट मंडळ्या उभ्या राहिल्या. त्यांच्या उपासनेत नारायण वामन टिळकांची भजनं आजही म्हणतात. टिळकांचा जन्मही कोकणातला, १८६१ सालचा, दापोलीजवळच्या करजगावचा. या मंडळ्यांत नोव्हेंबरात कबरींवर मेणबत्त्या कमी दिसतील, पण पाळकसाहेब वर्षभरात वारलेल्यांची नावं वाचतात तेव्हा बाकांवरची शांतता दोन्हीकडे सारखीच असते.

नाव की आकडा

नावांवर जरा थांबतो, कारण माझ्या मते सगळ्या महिन्याची किल्ली तिथे आहे.

नोव्हेंबरात कॅथलिक चर्चमध्ये लोक कागदावर आपल्या मृतांची नावं लिहून देतात. महिनाभर त्यांच्यासाठी मिस्सा होते. घरी ही यादी करायला बसा म्हणजे कळेल. आई-वडील, आजी-आजोबा झटकन लिहून होतात. मग आजोबांचे भाऊ. मग लहानपणीच गेलेली आत्या, जिचं नाव फक्त थोरल्या काकीला ठाऊक आहे, म्हणून तिला फोन. पणजीचं नाव मात्र कोणालाच सांगता येत नाही, सगळे तिला "म्हातारी आय" म्हणत. मग कागदावर तेच लिहायचं. शेवटची ओळ बहुतेक घरांत एकच असते: ज्यांच्यासाठी प्रार्थना करणारं कोणी नाही त्यांच्यासाठी. मच्छीमारांच्या घरांत आणखी एक अडचण येते. समुद्रात गेलेल्याचं शरीर मिळालेलं नसतं, कबरच नसते. त्याची मेणबत्ती दफनभूमीच्या मधल्या मोठ्या क्रुसाच्या पायथ्याशी लागते.

नाव गेलं की काय होतं, त्याचा एक दाखला ११ नोव्हेंबरचा. १९१८ साली या दिवशी सकाळी ११ वाजता पहिलं महायुद्ध थांबलं, म्हणून अनेक देशांत हा युद्धस्मरणाचा दिवस पाळतात. चर्चच्या पंचांगात तो तूरच्या संत मार्टिनचा सण. हा मार्टिन रोमन सैन्यातला शिपाई, ज्याने थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा अर्धा फाडून दिला आणि पुढे शस्त्र खाली ठेवलं. योगायोग मोठा बोलका आहे.

त्या युद्धात हिंदुस्थानातून १३ लाखांवर माणसं गेली आणि सुमारे ७४ हजार मेली. रत्नागिरी जिल्हा तेव्हा लष्करभरतीचा जुना जिल्हा. मराठा आणि महार घरांतले तरुण इथून पिढ्यानपिढ्या पलटणीत जात. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या मोहिमेत मेलेल्यांसाठी बसऱ्याला मोठं स्मारक उभारलं. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणीवार आकडे. या पलटणीचे इतके, त्या पलटणीचे तितके. २०२१ साली युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने अशा भेदभावाबद्दल माफी मागितली. शंभर वर्षं लागली.

त्यातले बहुतेक शिपाई ख्रिस्ती नव्हते, तरीही हा विषय चर्चचा आहे असं मला वाटतं. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात देव म्हणतो, मी तुला नावाने हाक मारली आहे, तू माझा आहेस. आणखी पुढे म्हणतो, मी तुला माझ्या तळहातांवर कोरलं आहे. ज्याचा देव असं बोलतो, त्याला माणसाचा आकडा झालेला खपता कामा नये. १९१५ साली, युद्ध ऐन भरात असताना, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी जगभरच्या सगळ्या धर्मगुरूंना मृतात्म्यांच्या दिवशी तीन मिस्सा करायची मुभा दिली. स्पेन-पोर्तुगाल आणि त्यांच्या मुलखांत ती १७४८ पासून होतीच. एका मिस्सेत आठवून होणार नाहीत इतकी माणसं मरत होती.

शांती कोणाशी?

मृत्यूची बातमी आली की आपण सगळेच लिहितो, आत्म्यास शांती लाभो. मराठी ख्रिस्ती माणूसही लिहितो. गेलेल्याला शांती मागणं सोपं आहे, त्याने आपलं काही अडत नाही. मात्र मिस्सेत शांतीची जागा अडचणीची आहे. ती ख्रिस्तप्रसादाच्या अगदी आधी येते, आणि ती बाजूला उभ्या असलेल्या जिवंत माणसाला द्यायची असते. आपल्याकडे हात जोडून, मान लववून देतात.

मत्तयच्या शुभवर्तमानात येशू सांगतो: तू वेदीवर अर्पण आणलंस आणि तिथे तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. कोकणात याचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही. सातबाऱ्यावर वीस-बावीस नावं, वाटण्या झालेल्या नाहीत, मुंबईचा भाऊ सही देत नाही, गावच्या भावाने बांध कोरला, विहिरीच्या पाण्याचा दावा कोर्टात. दोघेही २ नोव्हेंबरला एकाच बापाच्या कबरीशी मेणबत्ती लावायला येतात. एक पाचला येतो, दुसरा सहानंतर, गाठ पडू नये म्हणून. बापासाठी चिरशांती मागतात दोघेही.

येशूचं वाक्य इथे लावून पाहा. त्यात आठवणीनेच काम केलं आहे: "तुला आठवलं, तर". बापाची आठवण काढायला आलेल्याला भावाचीही आठवण होणारच, कारण ती आठवण एकच आहे. दाव्यात कोणाचं बरोबर हे येशू सांगत नाही. हक्क सोडून दे असंही तिथे म्हणत नाही. जा आणि बोल, एवढंच म्हणतो, आणि तोवर अर्पण थांबू दे. मला ही बायबलातली सर्वांत कठीण आज्ञा वाटते. उपास करणं, दान देणं परवडलं.

ही शांती जखमा झाकणारी नाही. मरणातून उठल्यावर येशू शिष्यांच्या बंद खोलीत आला, "तुम्हांला शांती असो" म्हणाला आणि लगेच त्याने हातांवरचे, कुशीवरचे घाव दाखवले. समेट म्हणजे काही घडलंच नाही असं वागणं, ही समजूत त्यातून निकाली निघते.

देशादेशांच्या पातळीवरही हा महिना तेच म्हणतो. चर्चचं वर्ष डिसेंबरअखेर संपत नाही, ते नोव्हेंबरच्या शेवटाकडे संपतं आणि त्याचा शेवटचा रविवार ख्रिस्तराजाचा. हा सण फार जुना नाही. १९२५ साली पोप अकरावे पायस यांनी सुरू केला. महायुद्धाची राख अजून विझलेली नव्हती आणि इटलीत मुसोलिनी सत्तेवर होता. प्रत्येक राष्ट्र आपलंच सर्वश्रेष्ठ म्हणत असताना चर्चने सांगितलं, की राजा एकच, आणि त्याचं राज्य न्यायाचं, प्रेमाचं, शांतीचं. त्याच्या पुढच्या रविवारी आगमनकाळ लागतो, नाताळची तयारी. दर तीन वर्षांनी त्या पहिल्या रविवारी यशयाचं वचन वाचतात: लोक तलवारी मोडून नांगराचे फाळ करतील, भाल्यांचे कोयते करतील, आणि युद्धकला शिकणार नाहीत.

शेजाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. तुम्हाला कोणी मृतात्म्यांच्या दिवशी मिस्सेला बोलावलं तर खुशाल जा. कबरीवर फूल ठेवायला, मेणबत्ती लावायला कोणाची हरकत नसते, धर्म विचारला जात नाही. सगळे उभे राहतील तेव्हा उभे राहा, गुडघे टेकतील तेव्हा बसून राहिलात तरी चालतं. ख्रिस्तप्रसादाला लोक रांगेत पुढे जातात, तो बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतो, म्हणून तुम्ही जागेवरच थांबा, त्यात अपमान कोणाचाच नाही. शांती देताना शेजारचा हात जोडेल, तुम्हीही जोडा. नंतर घरी चहा नाहीतर जेवण असतं, त्याला थांबा. गेलेल्याचा विषय काढावा की नाही अशा संकोचात पडू नका. तो बाजारात कसा घासाघीस करायचा, तुमच्या वडिलांबरोबर मासे आणायला कसा जायचा, आठवत असेल ते सांगा. घरातल्या पोरांना ते कोणी सांगितलेलं नसण्याची शक्यता बरीच आहे.